राघू, बबली आणि घरातली माणसे

आपल्या बिदर-कलबुर्गीकडच्या जुन्या वाड्यांत ओसरीवर टांगलेला पिंजरा आणि त्यातला राघू हे दृश्य वाचकांस नवे नाही. घरची मराठी, शेजारची कन्नड आणि गल्लीतली दखनी, जे कानांवर पडेल ते तो उचलतो. म्हणून त्याचे कौतुकही मोठे. पहाटेची कर्कश ओरड, सांडलेली डाळ आणि पिंजऱ्याखालची घाण यांची मात्र चर्चा होत नाही. हौस एकाची असते आणि निस्तरणे बहुधा सुनेच्या वाट्याला येते. शिक्षणासाठी कलबुर्गीत एका खोलीत राहणाऱ्या तीन-चार मुलांपैकी एकाने असे पाखरू आणले, तर बाकीच्यांची कुरकुर आम्हांस मुळीच क्षुद्र वाटत नाही.

यापेक्षा कितीतरी अवघड सहवास महाराष्ट्रात घडला आहे, तो गडचिरोलीच्या अरण्यात. भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले. राहण्यास झोपड्या, वीज नाही, पावसाळ्यात वाटा बंद. अशा दिवसांत शिकारीहून परतणारे माडिया त्यांना भेटले. मारलेल्या माकडिणीच्या छातीला तिचे पिल्लू अजून बिलगलेले होते. त्याचीही गत आईसारखीच व्हायची होती. प्रकाशरावांनी तांदूळ व कपडे देऊन ते मागून घेतले. हीच बबली.

पुढे शिकारीत पोरकी झालेली पिल्ले त्यांच्याकडे येऊ लागली. अस्वले, बिबटे, हरणे, कोल्हे आणि साप असा गोतावळा जमला. माडियांना दोष देण्यात अर्थ नव्हता. ते पोटासाठी शिकार करीत. पिल्लाच्या बदल्यात धान्य मिळू लागले, हा व्यवहार उपदेशापेक्षा शहाणा होता.

आता एका छपराखाली राहणाऱ्यांचा विचार करावा. आमट्यांची मुले याच अंगणात वाढली. जेथे माणसांच्याच अन्नाची चणचण, तेथे मांसाहारी जनावरांचे पोट भरायचे, हे काम एकट्याच्या मायेने होणारे नव्हे. सर्वांनी हात लावला म्हणूनच ते निभावले. सहकारी विलास मनोहर यांनी तर नेगल नावाच्या बिबट्याशी जडलेल्या नात्यावर ‘नेगल’ हे पुस्तकच लिहिले. ज्या घरांत ते नसेल त्यांनी अवश्य मिळवावे.

तरीही तेथील बिबट्याच्या गळ्यात हात टाकलेले छायाचित्र पाहून कोणी भुलू नये. माणसाच्या हातून वाढलेल्या बिबट्याला शिकार साधत नाही आणि माणसाची भीतीही उरत नाही. त्याला रानात सोडणे दोघांच्याही जिवावर बेतते. म्हणून पिंजरा येतो, आणि तो जन्मभराचा असतो. हेमलकसाला तो पत्करावा लागला, कारण दुसरी वाट मृत्यूची होती.

बाजारातल्या राघूची कथा उलटी आहे. त्याचे पिल्लू पोरके म्हणून सापडत नाही, ढोलीतून ओढून पोरके केले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशी पोपटांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे, विकणे वा घरी कोंडणे हा गुन्हा आहे. हे सांगितले की पुष्कळ घरांत “आमच्या आजोबांच्या काळापासून आहे” असे उत्तर मिळते. आजोबांच्या काळी कायदा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय पिंजऱ्यातला राघू वीस-पंचवीस वर्षेही जगू शकतो. खोलीतली मुले तीन वर्षांत पांगतात. मग तो कोणाचा?

घरट्यातून पडलेले पिल्लू खरोखरच सापडले तर वनखात्यास कळवावे. राघू पाहण्याची हौस असेल, तर माघ-फाल्गुनात जुन्या चिंचा आणि पडक्या भिंती न्याहाळाव्यात. ढोलीच्या तोंडाशी लाल चोच दिसते, आणि आपण जवळ गेलो की आत जाते.