सोड्यातील कोंडलेला वायू

जबलपूरच्या विजय नगरात मे महिन्याच्या उन्हात तापलेली सोड्याची बाटली उघडावी, तर बराच सोडा फसफसून हातावरच येतो. दोष सोडेवाल्याचा नव्हे, उष्णतेचा. शून्य अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात, वातावरणाच्या दाबाखाली, सुमारे 1.7 लिटर कार्बन डाय-ऑक्साइड विरतो. 40 अंशांवर जेमतेम अर्धा लिटर! 1767 साली लीड्स येथे प्रीस्टली याने बियरच्या आंबवणावर साचलेला हाच वायू पाण्यात मिसळला होता. घरगुती बियरचे लहान पिंप असो वा सोड्याची बाटली, द्रव आधी थंड करून मगच वायू दाबाने भरतात. कॉडच्या 1872 च्या बाटलीत तो दाबच काचेची गोळी रबरी कड्याशी घट्ट धरतो. बाटली तापली की वायू द्रवाबाहेर पडून दाब वाढतो, आणि कमकुवत काच फुटते.