एक मूठ, अनेक सॉकेट

कुपवाड एमआयडीसीतल्या फिटरची पेटी उघडून बघा. प्रत्येक नटाला वेगळा पाना नसतो. रॅचेटची एकच मूठ आणि सॉकेटचा संच असतो. जीडीबी या डीबगरला हे शहाणपण यायला दहाएक वर्षं लागली.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी लिहिला. चालता प्रोग्राम हव्या त्या जागी थांबवायचा आणि रजिस्टरांत काय आहे ते दाखवायचं, हे त्याचं काम. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्सप्रेमी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट आहे. या मुलांना काय किंवा साताऱ्याच्या मुलांना काय, जीडीबी फुकट मिळतो, आणि त्याचं पोट, म्हणजे मूळ कोडही, उघडून बघता येतं.

प्रोग्राम थांबवण्याची युक्ती जुनीच आहे. इंटेलच्या एसडीके-८५ किटवर प्रोग्रामच्या शेवटी ‘सीएफ’ ही सूचना टाकली की ताबा किटमधल्या मॉनिटर प्रोग्रामकडे परत येई. जीडीबी हव्या त्या जागेवरचे मूळ बाइट काढून ठेवतो आणि तिथे सापळा, म्हणजे थांबवणारी सूचना, लावतो. एक्स८६ प्रोसेसरवर हा सापळा एका बाइटचा: ‘सीसी’.

पूर्वी असे तपशील प्रोसेसरगणिक मॅक्रोंत कोरलेले असत. प्रोसेसर बदलला की जीडीबी नव्याने कंपाइल करायचा. १९९० च्या दशकाअखेरीस अँड्र्यू कॅग्नी यांनी ‘जीडीबीआर्क’ हा साचा आणला: मॅक्रोंच्या जागी फंक्शन, आणि प्रोसेसरची निवड जीडीबी चालताना.

असा बदल तपासताना ‘चालतंय ना?’ एवढं विचारून भागत नाही. एक्स८६ सापळ्यात अडकतो तेव्हा प्रोग्राम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) एक बाइट पुढे गेलेला असतो. तो मागे आणावा लागतो. विसरलात, तर प्रोग्राम मूळ सूचनेच्या पोटातूनच पुढे सुरू होतो. लिनक्सवरच्या आर्म प्रोसेसरला ही वजाबाकी लागत नाही. मात्र त्याची अडचण वेगळी. त्याच्या नेहमीच्या सूचना चार बाइटच्या, तर ‘थम्ब’ पद्धतीत दोन बाइटच्याही. चार बाइटचा सापळा तिथे लावला की शेजारची सूचनाही चिरडली जाते. म्हणून सापळा हा स्थिरांक राहू शकत नाही. पत्ता बघून उत्तर देणारं फंक्शनच हवं. जुन्या मॅक्रोला नुसतं फंक्शनचं नाव देऊन हे साधत नाही.

खरा कस लागतो तो नव्या प्रोसेसरच्या कोडने न दिलेल्या उत्तरांवर. वजाबाकी किती, हे सांगितलं नाही तर जीडीबी शून्य धरतो. सापळ्याचा प्रकार सांगितला नाही तर मात्र तो तिथेच अडतो आणि काय राहिलं ते सांगतो. नव्या प्रोसेसरचा कोड वाचताना मी आधी अशी गृहीत धरलेली शून्यं शोधतो.

कारण जो सॉकेट बसतच नाही, तो फिटर परत पेटीत टाकतो. जरासा सैल बसतो, तोच नट गोल करतो.