घरात रेंज कुणाची? सिम बदलण्याआधी तपासा

अहिल्यानगरच्या माळीवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती असोत की सावेडीतले काँक्रीटचे स्लॅब, अंगणात मिळणारी रेंज माजघरात टिकेलच असे नाही. पत्र्याचे छतही लहरी अडवते.

● बँड : ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीतून तुलनेने चांगल्या आत येतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्‌झवर वेग जास्त मिळतो, पण त्या भिंतीपाशी लवकर क्षीण होतात.

● आकडा बघा, दांड्या नव्हे : अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'सिम स्टेटस'खाली सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. ४जीवर −९०च्या आसपास असेल तर उत्तम. −११०च्या खाली गेल्यास बोलणे तुटू लागते. १० डीबीएमची घट म्हणजे सिग्नल एकदशांश.

● घरातच चाचणी : वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले शेजारी किंवा पाहुणे आले की स्वयंपाकघरात, आजीच्या खोलीत, दार लावून फोन लावून बघा. रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन तिथूनच लागायला हवा.

● वाय-फाय कॉलिंग : घरात ब्रॉडबँड असेल, तर फोनमधली ही सोय सुरू करा; टॉवरच्या सिग्नलशिवायही कॉल लागतो.

● नंबर तोच, कंपनी नवी : PORT हा शब्द, मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे.