अर्धा कालवा आणि दोन वजनकाटे



आपल्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, तेव्हा मागच्या रांगेतला सभासदही उठून विचारतो, "पैसा गेला, मग काम कुठं आहे?" हाच प्रश्न राज्याच्या तिजोरीलाही विचारला पाहिजे. त्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहू. तो मुलूख जंगलाचा नि धानाचा. पण पाण्यासाठी सरकारच्या तोंडाकडे पाहणारा शेतकरी तिथंही आपल्यासारखाच.

वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मंजुरी मिळाली, तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी रुपये. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. धरण भंडारा जिल्ह्यात. उजवा कालवा मात्र चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागासाठी. काम रेंगाळले, भाव वाढले, भूसंपादन महागले. २००९ साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पुढे खर्चाचा आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. अर्धवट उभारलेल्या कारखान्यात ऊस गाळता येत नाही, व्याज मात्र चालूच राहते, त्यातलाच हा प्रकार.

हे एकाच पक्षाच्या माथी मारून भागणार नाही. १९९५ पासून राज्यात एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. संयुक्त सरकारात खाती वाटून घेतली जातात आणि मग खाते म्हणजे त्या त्या पक्षाचा वाडाच होतो. दुसऱ्याने आत डोकावले की सरकार डळमळते. शिवाय नव्या कामाचा नारळ फुटतो, फलक लागतो. जुने काम पुरे केल्याचे श्रेय कुणाचे? म्हणून कामे वाढतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर निधी येतो.

१९९९ ते २०१४ या काळात मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे, तर जलसंपदा खाते राष्ट्रवादीकडे होते. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाची टक्केवारी अवघी ०.१ ने वाढल्याचे दिसले आणि गदारोळ उठला. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी श्वेतपत्रिका काढण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, तिच्यात वाढ कितीतरी जास्त दाखवलेली. डिसेंबरात पवार पुन्हा मंत्रिमंडळात आले. कोण दोषी, हा आपला विषय नव्हे. पण एकाच उसाची दोन काट्यांवर दोन वजनं आली, तर शहाणा शेतकरी आधी काटा तपासायला लावतो. खर्चाची सुधारणा तिथूनच सुरू होते.

नुसता पैसा ओतूनही भागत नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधीच १९८० चा वनसंवर्धन कायदा आला होता. वनजमिनीवर धरण-कालवा करायचा तर केंद्राची परवानगी हवी. तिकडे तुलतुली, इकडे सिंदेवाहीचा हुमन, दोन्ही प्रकल्प याच फाट्यावर अडकले. जंगलही राखलेच पाहिजे. मग निधी कुठं लावायचा, हे डोकं लावून ठरवायला हवं.

त्याचं उत्तर त्याच मातीत आहे. या भागात माजी मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारकडे आले, पण गाळ काढणे, पाळ नि पाट दुरुस्त करणे मागे पडले. या कामाला नवी जमीन बुडवावी लागत नाही, आणि धानाला पाणी दोन-तीन वर्षांची वाट न पाहता मिळते. मात्र त्यावर मोठा फलक लागत नाही!

सभासदांनी आपल्या आमदार-खासदारांपुढे, ते कोणत्याही पक्षाचे असोत, तीन गोष्टी मांडाव्यात. हाती घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय नवा नारळ नको. भिजलेल्या जमिनीची मोजणी एकाच पद्धतीने व्हावी आणि ती गावात वाचून दाखवावी. दुरुस्तीचा पैसा दुसरीकडे वळवू नये. सरकारं युतीची असोत की आघाडीची, तिजोरी आपणा सर्वांची आहे.