परवलीच्या शब्दाची साठवण

संकेतस्थळावर प्रवेश करू पाहणारी व्यक्ती त्या खात्याची खरी धारक आहे की नाही, हे पडताळण्याच्या क्रियेस अधिप्रमाणन असे म्हणतात. परवलीचा शब्द, अर्थात पासवर्ड, हे त्याचे सर्वाधिक रूढ साधन होय. हा शब्द सर्व्हरवर कोणत्या रूपात जतन केला जातो, यावर विदागार चोरीस गेल्यास किती हानी होईल हे ठरते.

इतिहास

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या सीटीएसएस या प्रणालीत परवलीचा शब्द वापरला गेला. सर्वांचे शब्द एकाच फाइलमध्ये मूळ रूपात असत. त्याच दशकात एका दोषामुळे ही फाइल व दैनिक संदेशाची फाइल यांची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास सर्वांचे शब्द पडद्यावर दिसले. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या अनुभवावर आधारित शोधनिबंधात मांडलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते.

कार्यपद्धती

या पद्धतीत मूळ शब्द न साठवता त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळणारे हॅशमूल्य साठवतात. हॅशमूल्यावरून मूळ शब्द थेट काढता येत नाही. प्रवेशाच्या वेळी टंकलेल्या शब्दाचे हॅशमूल्य पुन्हा काढून साठवलेल्या मूल्याशी ताडले जाते. त्यामुळे शब्द विसरल्यास योग्य रचनेची सेवा जुना शब्द कळवूच शकत नाही. ती नवा ठरवण्याची सोय देते. जुना शब्द ईमेलने पाठवणारी सेवा तो मूळ किंवा उलगडता येण्याजोग्या रूपात ठेवते, हे उघड आहे.

दोन व्यक्तींचा शब्द एकच असला तरी हॅशमूल्ये भिन्न यावीत, म्हणून प्रत्येक शब्दास ‘सॉल्ट’ नावाची यादृच्छिक जोड देतात. त्यामुळे आधीच तयार केलेले कोष्टक चोराच्या उपयोगी पडत नाही. आरंभीच्या युनिक्समध्ये ही जोड १२ बिटांची, म्हणजे ४,०९६ प्रकारची होती. २०१२ मध्ये लिंक्डइनची सुमारे ६५ लाख हॅशमूल्ये उघड झाली, तेव्हा ती सॉल्टविरहित असल्याचे आढळले.

एसएचए-१ सारख्या पद्धती वेगासाठी घडवलेल्या असल्याने त्या येथे अयोग्य ठरतात, कारण तो वेग अंदाज बांधणाऱ्या चोरासही मिळतो. १९९९ मधील बीक्रिप्ट ही पद्धत हेतुतः संथ असून तिचा खर्चांक एकने वाढवल्यास श्रम दुप्पट होतात. २०१५ मध्ये स्पर्धेतून निवडलेली आर्गॉन२ ही पद्धत वेळेबरोबर स्मृतीचाही खर्च वाढवते.

देवनागरीतील शब्द

परवलीचा शब्द देवनागरीत असल्यास आणखी एक अडचण संभवते. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांची हॅशमूल्ये पूर्णतः वेगळी येतात. परिणामी एका कळफलकावरून ठरवलेला शब्द दुसऱ्यावरून नाकारला जाऊ शकतो. यासाठी हॅशमूल्य काढण्यापूर्वी मजकुराचे युनिकोड सामान्यीकरण करतात.