मोतीची परदेशवारी

बालमित्रांनो, मागच्या वर्षीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा पार पडला होता. वर्गात हजेरी चालू होती आणि चौथीतली एक मुलगी एकदम मुसमुसायलाच लागली. जवळ घेऊन विचारलं, "काय गं, काय झालं?" तशी म्हणाली, "बाई, बाबांना लंडनला नोकरी लागलीय. आम्ही ऑगस्टमध्ये जाणार. पण मोतीला बरोबर नेता येणार नाही म्हणतात!"

मोती म्हणजे तिचा कुत्रा. सारा वर्ग चिडीचूप. मग एकेकाला कंठ फुटला. "बाई, विमानात जागा नसेल!" "अरे, त्याला पासपोर्ट कुठंय?"

खरं सांगू? मलाही नीट ठाऊक नव्हतं. संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं, माहिती काढली आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिली.

भारतातून ब्रिटनला कुत्रा न्यायचा, तर आधी त्याच्या मानेजवळ कातडीखाली एक चिप बसवतात. असते केवढी? तांदळाच्या दाण्याएवढी! तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. यंत्र फिरवलं की नंबर दिसतो. हीच कुत्र्याची ओळख. त्यानंतर रेबीजची लस. मोतीला दरवर्षी लस टोचलेली होती, पण चिप नव्हती. चिप बसवण्याआधीची लस हिशेबात धरत नाहीत. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

लस टोचल्यावर कमीत कमी तीस दिवस थांबायचं आणि मग रक्त तपासायचं. लशीमुळे रक्तात पुरेशी ताकद आली की नाही, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळा सांगते. रक्त घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचा दाखला, आणि पोहोचण्याआधी एक ते पाच दिवसांत पट्टकृमी नावाच्या जंतावरचं औषध.

आता गणित करा. १५ जूनला लस दिली, तर रक्त १५ जुलैला. त्यापुढे तीन महिने. म्हणजे ऑक्टोबरचा मध्य उजाडला! ऑगस्टमध्ये मोती जाणार कसा?

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पण बाई, मोती तर धडधाकट आहे. मग त्याला शिक्षा कशाला?"

किती रास्त प्रश्न! उत्तर नीट ऐका हं. रेबीज हा मोठा लबाड रोग आहे. पिसाळलेलं जनावर चावलं, की त्याचे विषाणू मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतात. त्याला कधी काही आठवडे लागतात, तर कधी काही महिने. तोवर कुत्रा खातो, पितो, शेपूट हलवतो. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि एकदा लक्षणं दिसली, की जनावर वाचत नाही. लस देण्याआधीच रोग अंगात शिरला असेल, तर तो या थांबण्याच्या काळात बहुधा बाहेर पडतो. म्हणून ही वाट पाहणं.

ब्रिटननं हा धडा ठेच लागून घेतलाय. १९०२ साली त्यांनी रेबीज देशातून हद्दपार केला होता. पण पहिलं महायुद्ध संपलं, परतणाऱ्या काही सैनिकांनी मायेपोटी आपली कुत्री लपवून घरी आणली आणि १९१८ मध्ये रोग पुन्हा आला. तो निपटायला १९२२ उजाडलं. पुढं कितीतरी वर्षं बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने वेगळं कोंडून ठेवत. तरीही १९६९ मध्ये जर्मनीहून आलेला फ्रिट्झ नावाचा कुत्रा सहा महिने काढून सुटला आणि थोड्याच दिवसांत त्याला रेबीज झाला! नुसतं कोंडणं पुरेसं नाही, हे तेव्हा कळलं. २००० सालापासून चिप, लस आणि रक्ततपासणीची पद्धत सुरू झाली.

नियम लहानथोरांना सारखेच, बरं का! २०१५ मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेप याची पिस्टल आणि बू ही दोन चिमुकली कुत्री खासगी विमानातून, न सांगताच ऑस्ट्रेलियात नेली गेली. तिथल्या मंत्र्यांनी बजावलं, "पन्नास तासांत परत न्या, नाही तर त्यांना मारावं लागेल." कुत्री मुकाट्यानं अमेरिकेला परतली.

मग मोतीचं काय झालं? तो आजीकडे राहिला. आजीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक दिवस खोडला. ऑक्टोबरच्या शेवटी मोती विमानाच्या मालकक्षातून, पिंजऱ्यात बसून लंडनला गेला. नोव्हेंबरात शाळेत पत्र आलं. पहिलीच ओळ होती, "बाई, मोतीनं मला ओळखलं!" वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र चष्मा पुसत बसले.

मुलांनो, ब्रिटन ज्या रोगाला दाराबाहेर ठेवतो, तो आपल्याकडे अजून आहे. म्हणून घरच्या कुत्र्या-मांजराला दरवर्षी लस द्यायला आईबाबांना आठवण करा. आणि कुत्रा चावला किंवा नुसतं ओरबाडलं, तरी रागावतील म्हणून लपवू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोतीला थांबायला वेळ होता. तिथं मात्र थांबायचं नसतं!