सयामचे भत्तागार

बँकॉक नगरीतील एखाद्या प्रशस्त भोजनगृहाच्या दर्शनी फलकावर जो थाई शब्द लिहिलेला असतो, तो देवनागरीत उतरवून वाईच्या एखाद्या वृद्ध शास्त्रीबोवांपुढे ठेवला, तर त्यांना कोशाची पाने उलटावी लागणार नाहीत. पालीतील 'भत्त', म्हणजेच संस्कृतातील 'भक्त' आणि आपल्या ताटातील भात, व त्यापुढे 'आगार', अशी त्याची फोड ते बसल्या जागी करून देतील. शब्दान्ती येणाऱ्या 'र'चा उच्चार थाई जिव्हेवर 'न' असा होतो, म्हणून हे भत्तागार तेथे 'फत्ताखान' असे ऐकू येते, इतकेच. त्याहून साध्या, चार बाके टाकलेल्या दुकानास ते लोक 'रान आहान' म्हणतात, त्यातील 'आहान' हा आपला आहार; चवीला 'रोत' म्हणतात, तो आपला रस; आणि शाकाहारास जे 'मंगसविरत' हे नाव आहे, ते तर मांसविरती या समासाचेच किंचित बदललेले रूप होय. ज्या भोजनपद्धतीची पाटी आपल्याला अशी अर्थासह वाचता येते, तिच्या दारात साताऱ्या-सांगलीचा गृहस्थ परका होऊन, हातातील पदार्थांच्या यादीकडे भांबावून पाहत बसतो, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

आमच्या भागात थाई पदार्थांचा प्रवेश झाला तो चायनीज पदार्थांच्या आश्रयाने. शेजवान भात आणि मांचुरियन यांच्या तपशीलवार यादीच्या तळाशी हिरवी किंवा तांबडी थाई करी उभी असते, आणि ती मागविल्यास पुड्यातील नारळाचे दूध व बाटलीतील तयार वाटण यांच्या संयोगाने झालेले, साखरेच्या अंगाने अधिक कललेले असे एक द्रव्य समोर येते. ते चाखून ज्याने या पाककलेविषयी कायमचे मत बनविले, त्याच्यावर अन्याय झाला असे मी म्हणेन. खऱ्या चवीची खातरजमा करावयाची तर खंबाटकीचा घाट ओलांडून पुणे गाठावे, जेथे कोरेगाव पार्कातील 'मलाका स्पाइस' १९९७ पासून आग्नेय आशियातील विविध देशांचे पदार्थ करून वाढीत आले आहे. किंवा त्याही पुढे मुंबईस जावे, जेथे कफ परेडवरील प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ साली 'थाई पॅव्हिलियन' सुरू झाले आणि आनंदा सॉलोमन या पाककलानिपुण गृहस्थांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ नावारूपास आले.

अशा भोजनगृहात पाऊल टाकल्यावर आपल्या लोकांकडून पहिली चूक होते ती सूप आधी मागविण्याची. प्रथम सूप, मग काही तळलेले, मग मुख्य अन्न, हा साहेबी अंमलातला शिरस्ता आपल्या अंगवळणी पडला आहे. थाई भोजनाशी त्याचा संबंध नाही. तेथे सर्व पदार्थ एकाच वेळी मध्यभागी मांडले जातात, प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचा भात असतो, आणि 'तोम याम' हे आंबटतिखट सारही भाताच्या जोडीनेच घोट घोट घ्यावयाचे असते. जेवणे या क्रियेलाच ते लोक 'किन खाव', म्हणजे 'भात खाणे', असे म्हणतात आणि इतर यच्चयावत पदार्थांना 'कप खाव', म्हणजे 'भाताबरोबरचे', असे एकच नाव देतात. आमच्याकडील कालवण हा शब्द मला त्याच्या इतका जवळचा वाटतो की दुसरा प्रतिशब्द शोधण्याची गरजच भासत नाही. म्हणून चौघांनी मिळून चार करी मागवू नयेत. नारळाच्या दुधातील एक करी, कच्च्या पपईची एक झणझणीत कोशिंबीर, एक परतलेली भाजी आणि एक सार, अशी तजवीज करावी, म्हणजे एकाचा तिखटपणा दुसऱ्याच्या स्निग्धतेने शमतो. उजव्या हातात चमचा आणि त्यावर घास लोटण्यासाठी डाव्या हातात काटा, ही तेथील रीत. काड्या केवळ शेवयांच्या पदार्थांसाठी असतात, भातासाठी त्या मागण्याचे कारण नाही.

शेवया खाणाऱ्याच्या पुढे साखर, माशांपासून केलेले खारे पाणी, मिरच्या घातलेला शिर्का आणि भाजलेल्या मिरचीची पूड अशा चार वाट्या ठेवलेल्या असतात, आणि चवीचा अंतिम निर्णय खाणाऱ्यावर सोपविलेला असतो. आपल्या ताटाची डावी बाजू, जेथे मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर आपापल्या जागी बसलेली असतात, ती याहून वेगळे काय करते? 'फाट थाय' या प्रसिद्ध पदार्थाला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली ती फीबून सोंगख्राम यांच्या प्रधानकीत, ज्यांच्याच कारकीर्दीत १९३९ साली सयामचे थायलंड झाले. परंतु चिनी वळणाच्या त्या तांदळाच्या शेवयांवर शेवटी जे भुरभुरले जाते, ते दाण्याचे कूट आमच्या घरोघरच्या डब्यात भरलेलेच असते.

सामग्रीचा विचार करू लागलो की हे नाते अधिकच उघड होते. तोम यामला जो सुगंध येतो, तो आमच्या परसातील गवती चहाच्या बुडख्याचा. त्याच्या जोडीला आल्याच्या कुळातील कुळिंजन, आंबटपणाला लिंबू, इतरत्र चिंच, गोडीला ताडाचा गूळ. करीचे वाटण दगडी खलात कुटतात, तेही ठरलेल्या क्रमाने: आधी भाजलेले धने, जिरे व मिरे, मग मिरच्या, मग कुळिंजन व गवती चहा, मग लसूण व लहान कांदे, कठीण वस्तू आधी आणि ओलसर वस्तू मागाहून, म्हणजे रस सुटून मुसळी घसरत नाही. नारळाचे घट्ट दूध आटवून त्यातून तेल वेगळे झाल्यावरच हे वाटण परततात. मसाल्याला तेल सुटल्यावाचून पुढे जाऊ नये, हा दंडक आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी सुनांना शिकविला, तोच तेथेही आहे. आणि अस्सल व नक्कल यांतील भेद ओळखण्याची खूण मला विचाराल तर करीच्या कडेला जमणारा तो पातळसा तवंग, हीच.

थाटमाटावरून चवीचा अंदाज बांधू नये. लंडनमध्ये २००१ साली डेव्हिड थॉम्पसन यांनी 'नाम' हे उंची भोजनगृह काढले आणि थाई पाककलेस मिशलिनचा तारा मिळवून दिला. परंतु तोच मान २०१७ च्या अखेरीस बँकॉकच्या रस्त्याकडेला निखाऱ्यावर खेकड्याचे आम्लेट तळणाऱ्या जे फाय या वृद्ध बाईंनाही लाभला. शिजवलेली कालवणे परातींत मांडून विकणारी दुकाने तर तेथे ठायी ठायी आहेत. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या स्त्रिया प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर रबरी कडे आवळून, आमटी-कालवण घरी नेतात, आणि त्यांना 'पिशवीवाल्या गृहिणी' असे नावच पडले आहे. सांगलीच्या खाणावळीतून दरमहा डबा लावणाऱ्या नोकरदारास त्यात नवल वाटणार नाही.

शाकाहारी वाचकांना मात्र एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. करीत मांसाचा तुकडा नाही एवढ्याने ती शाकाहारी ठरत नाही, कारण वाटणात बहुधा 'कापी', म्हणजे आंबविलेल्या जवळ्याचा गोळा, आणि मिठाच्या जागी 'नाम प्ला' हे माशांचे पाणी असते. तेव्हा या दोहोंची नावे घेऊन विचारावे, संकोच करू नये. तेथे 'जे' नावाचा याहूनही कडक आचार आहे, ज्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो आणि जो फुकेतच्या नऊ दिवसांच्या उत्सवात हजारो लोक पाळतात. चातुर्मास पाळणाऱ्या घराला तो चटकन समजेल.

पहिल्या खेपेस काय मागवावे, असे कोणी विचारले तर मी 'मस्समन' सांगतो. मुसलमान व्यापाऱ्यांच्या संसर्गाने सयामात रुजलेली ही करी दालचिनी, वेलची, जायफळ, बटाटा व शेंगदाणे यांनी युक्त असते, आणि तिचे वर्णन १८०९ ते १८२४ या काळात राज्य करणाऱ्या द्वितीय राम राजाच्या नावावरील काव्यात आढळते. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा प्रतापसिंह महाराज होते. ती पचनी पडल्यावर दक्षिण थायलंडची पिवळी, आंबट, विलक्षण तिखट अशी 'केंग लुअंग' चाखावी. तिचा रंग ओल्या हळदीचा असतो. आम्ही सांगलीकर हळद ओळखतो ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात आलेली. शेतातून नुकत्याच काढलेल्या गड्ड्याचा तो उग्र, मातकट गंध एखाद्या कालवणाचा मुख्य स्वाद होऊ शकतो, हे मला त्या करीच्या पहिल्या घासाला कळले.